वर्षभराचा गोठा, एका दिवसाचा बाजार

अमेरिकेतला शेतकरी म्हटला की आपल्याकडच्या सभांत एक ठरलेले चित्र डोळ्यांपुढे येते. हजार एकरांचे रान, घराएवढे ट्रॅक्टर आणि सरकारी खजिन्यातून घरबसल्या येणारे चेक. मका, कापूस, सोयाबीन पिकवणाऱ्या तिथल्या मोठ्या शेतकऱ्यांबद्दल हे चित्र काही अंशी खरेही आहे. पण त्याच देशात आणखी एक शेतकरी आहे. त्याच्या मालाला आधारभाव नाही, त्याचे शेत म्हणजे नुसते माळरान, आणि वर्षभराच्या मेहनतीचे दाम त्याला वर्षातून एकाच दिवशी मिळतात. हा शेतकरी मांसासाठी गुरे वाढवतो. त्याच्या कुरणशेतीला तिकडे रँच म्हणतात.

हा विषय आमच्या अनेक वाचकांना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. आपल्याकडे बैल घरचा माणूस आहे. पोळ्याला त्याच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या हातांची भावना खोटी नाही. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम मांडत आहोत. गुरे पाळणाऱ्याचे अर्थशास्त्र या रँचवर जितके उघडे दिसते तितके आपल्या गोठ्यात दिसत नाही. आपल्या गोठ्यात दूध, शेण, नांगर, गाडी, श्रद्धा असे सगळे एकत्र मिसळलेले असते. तिकडे फक्त गवत, गाय, वासरू आणि बाजार. म्हणून हिशेब स्वच्छ दिसतो.

नांगर हरला तो मुलूख

अमेरिकेच्या मधोमध नेब्रास्का नावाचे राज्य आहे. त्याच्या उत्तर-पश्चिम भागात वाळूच्या टेकड्यांचा सुमारे ५० हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश पसरला आहे, म्हणजे आपल्या मराठवाड्याचा जवळजवळ तीन-चतुर्थांश. त्याला सँडहिल्स म्हणतात. पाऊस वर्षाला साधारण १७ ते २३ इंच, आपल्या आष्टी-पाटोद्याच्या पट्ट्याइतका किंवा त्याहून कमी. वर गवत, खाली वाळू, आणि वाळूखाली पाण्याचा प्रचंड साठा.

तिथल्या सरकारने १९०४ मध्ये किंकेड कायदा केला आणि या भागात वसाहतीला येणाऱ्याला ६४० एकर जमीन देऊ केली. ६४० एकर ऐकून आपल्या तोंडाला पाणी सुटेल. हजारो कुटुंबे आली. त्यांनी गवत उपटून नांगर घातला. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली वाळू मोकळी झाली आणि वाऱ्याबरोबर उडू लागली. दोन-चार वर्षांत बहुतेकांनी जमिनी विकून गाशा गुंडाळला. मागे राहिले ते, ज्यांनी ओळखले की या जमिनीचे पीक गवत हेच आहे आणि ते कापायचे यंत्र म्हणजे गाय. आज तिथे त्यांची तिसरी-चौथी पिढी गुरे राखते आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याने यातली पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. नुसत्या एकरांनी कोणी श्रीमंत होत नाही. त्या टेकड्यांवर एका गाय-वासरामागे वर्षाला दहा ते वीस एकर रान लागते. सहाशे चाळीस एकरांवर जेमतेम तीस-साठ गाई. तेवढ्यावर एका कुटुंबाचे भागत नाही, म्हणून बहुतेक घरांतले एक माणूस शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी करते.

हिवाळा आणि वेत

या शेतकऱ्याचे वर्ष बर्फात सुरू होते. जानेवारीत गवत बर्फाखाली गाडलेले असते. रोज सकाळी वाळल्या गवताचे गठ्ठे नेऊन टाकायचे आणि हौदावरचा बर्फ फोडून जनावरांना पाणी मोकळे करायचे. पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश गेला तरी यात खाडा नाही. गुरांना रविवार माहीत नसतो.

फेब्रुवारी ते एप्रिल हा विण्याचा हंगाम. पहिलारू कालवडींवर रात्रंदिवस लक्ष ठेवावे लागते. दर दोन-तीन तासांनी कंदील, आता विजेरी, घेऊन कोणीतरी फेरी मारतेच. अडलेले वासरू ओढून काढायचे, पुसून कोरडे करायचे, पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक जाईल असे पाहायचे. थंडीने वासरांचे कान गळून पडतात. मार्च २०१९ मध्ये ऐन विण्याच्या दिवसांत नेब्रास्कावर बर्फाचे वादळ आणि पूर एकदमच आला. गेलेल्या प्रत्येक वासराबरोबर त्या गाईचे एक वर्ष गेले, कारण पुढचे वासरू नऊ महिने दहा दिवसांच्या आत येत नाही.

वासरांच्या हगवणीवर त्यांनी काढलेला उपाय आपल्याही कामाचा आहे. साधारण दर आठवड्याला न व्यालेल्या गाई नव्या, स्वच्छ रानात नेतात. व्यालेल्या गाई वासरांसह मागेच राहतात. त्यामुळे मोठ्या वासरांचा रोग नव्या वासरांना लागत नाही. औषध नाही, खर्च नाही, फक्त जागा बदलायची. शेळ्या पाळणाऱ्या आमच्या बहिणींनी एवढे केले तरी पुष्कळ करडे वाचतील.

गवताचा हिशेब

मे महिन्यात गवत वर येते. तेव्हा सगळ्या परिसराची माणसे आळीपाळीने एकेका रँचवर जमतात. वासरांना लस टोचणे, गोऱ्हे खच्ची करणे, मालकीचा डाग देणे ही कामे एका दिवसात उरकतात. मजुरी कोणी कोणाला देत नाही. ज्याच्याकडे काम असेल त्याने जेवण घालायचे आणि उद्या दुसऱ्याच्या कामाला जायचे. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक याहून वेगळी ती काय?

जूनमध्ये वीस-पंचवीस गाईंमागे एक असे वळू कळपात सोडतात आणि दोनेक महिन्यांनी काढून घेतात. यामागे गणित आहे. सगळ्या गाई थोड्या दिवसांच्या अंतराने व्याल्या तर सगळी वासरे एका वजनाची होतात, आणि एकसारख्या मालाला भाव चार पैसे जास्त मिळतो. आपल्या कापसाच्या प्रतवारीची गोष्ट इथेही लागू आहे.

उन्हाळाभर गुरे टेकड्यांवर चरतात. पवनचक्क्या जमिनीखालचे पाणी उपसून हौदात टाकतात. या काळात शेतकरी सर्वांत जास्त लक्ष गुरांकडे देत नाही, गवताकडे देतो. त्यांच्यात नियम आहे, गवत अर्धे खाऊ द्यावे, अर्धे ठेवावे. ठेवलेले अर्धे मुळांना पोसते आणि वाळू धरून ठेवते. हा नियम मोडला तर पुढच्या वर्षी गवत निम्मे आणि वाळू दुप्पट. आपल्या गायरानांची दशा आठवून पाहावी. गायरान सगळ्यांचे, म्हणून राखायचे कोणीच नाही. मारवेल आणि पवन्या संपले, कुसळी तेवढी उरली.

जुलै-ऑगस्टमध्ये टेकड्यांमधल्या ओलसर सखल भागातले गवत कापून वाळवतात आणि गठ्ठे बांधून हिवाळ्यासाठी रचतात. आपण ज्वारीच्या कडब्याची गंज रचतो तेच हे काम. किती गठ्ठे झाले त्यावर किती गाई हिवाळ्यात ठेवायच्या ते ठरते. वैरण मोजून गुरे ठेवायची. गुरे आहेत म्हणून वैरण शोधत फिरायचे नाही.

दुष्काळ आला तर? तिकडे शहाणा शेतकरी आधीच तारखा ठरवून ठेवतो. जूनच्या मध्यापर्यंत पाऊस झाला नाही तर इतक्या गाई विकायच्या, महिन्याने पुन्हा बघायचे, तोवरही नाही झाला तर वासरे लवकर तोडून विकायची. जनावराच्या अंगावर मांस आहे आणि बाजारात भाव आहे तोपर्यंत ते विकले जाते. आपण काय करतो? २०१२-१३ मध्ये, २०१५-१६ मध्ये, २०१८-१९ मध्ये बीड, उस्मानाबाद, जालन्यात जे दिसले ते सर्वांना आठवते. हाडे वर आलेली जनावरे एकाच आठवड्यात बाजारात, भाव मातीमोल, आणि मग चारा छावणीच्या दारात रांग. आपला शेतकरी मूर्ख आहे म्हणून हे होत नाही. वेळेवर विकण्याचा रस्ताच त्याच्यापुढे उरलेला नाही, म्हणून होते. त्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

दिवाळीच्या सुमारास निवाडा

आपला कापूस दिवाळीच्या आसपास बाजारात येतो. त्यांची वासरेही त्याच दिवसांत. सहा-सात महिन्यांचे, सव्वादोनशे ते पावणेतीनशे किलोचे वासरू आईपासून तोडतात आणि गावच्या लिलावघरात नेतात. वासरे काट्यावर चढतात, हर्रास बोलली जाते, दोन-तीन मिनिटांत एका कळपाचा निकाल. त्या दोन-तीन मिनिटांत बाराही महिने भरलेले असतात. जानेवारीतला बर्फ, मार्चमधल्या रात्री, जुलैतली कापणी, सगळे.

त्याच सुमारास पशुवैद्य प्रत्येक गाय तपासतो. गाभण असेल ती राहते. गाभण नसलेली, दात झिजलेली, पाय धरलेली गाय विक्रीला जाते. यात दयामाया नाही असे कोणी म्हणेल. पण ती गाय हिवाळाभर ठेवली तर दीड-दोन टन वैरण खाईल आणि वसंतात वासरू देणार नाही. तिची वैरण गाभण गाईच्या तोंडातूनच निघेल. अशा काढलेल्या गाईंच्या विक्रीतून रँचच्या उत्पन्नातले शंभरात साधारण पंधरा-वीस रुपये येतात. हे पंधरा-वीस रुपये अनेक वर्षी नफा आणि तोटा यांमधली रेघ असतात. नवी कालवड वाढवण्याचा खर्च त्यातूनच निघतो. म्हणजे जुने जनावर विकता येते, म्हणून नवे जनावर पाळता येते.

पैसे कधी मिळतात तेही पाहण्यासारखे आहे. १९७५ मध्ये तिथे एक मोठी मांसकंपनी बुडाली आणि तिला गुरे विकलेल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. शेतकरी चिडले. १९७६ मध्ये कायदा दुरुस्त झाला. कत्तलखान्याने गुरे घेतली की दुसऱ्या कामाच्या दिवशी दिवस मावळायच्या आत चुकारा झालाच पाहिजे. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात ज्यांनी हप्त्या-हप्त्याने चुकारे घेतले, त्यांना या एका ओळीची किंमत वेगळी सांगायला नको.

चार गिऱ्हाइके

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग तिकडे सगळे ठीकच आहे. तसे नाही.

रँचवरचे वासरू थेट कापायला जात नाही. ते मोठ्या गोठ्यात जाते, मका खाऊन सहाशे-सातशे किलोचे होते आणि मग कत्तलखान्याला विकले जाते. वासराचा भाव शेवटी तिथेच ठरतो. तिथे गिऱ्हाइके किती? १९८० मध्ये चार मोठ्या कंपन्या अशा गुरांपैकी शंभरातली सुमारे ३६ घेत. १९९० पर्यंत तो आकडा ७२ वर गेला, आणि २०१० पर्यंत ८५ वर. टायसन, कारगिल, नॅशनल बीफ आणि मुळची ब्राझीलची जेबीएस. विकणारे लाखो, घेणारे चार.

हा रोग तिथे नवा नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास असेच पाच कत्तलखाने बाजार मुठीत धरून बसले होते. त्यांना वेसण घालण्यासाठी १९२१ मध्ये पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायदा झाला. काही दशके बाजार खुला राहिला, मग गाठ पुन्हा आवळत गेली. १९९९ च्या कायद्याने कत्तलखान्यांना आपले खरेदीचे भाव सरकारला कळवणे सक्तीचे झाले. तरी बरीचशी गुरे आता करारावर जातात. उघड्या बोलीत थोडी गुरे विकतात आणि त्या थोड्यांच्या भावावर बाकी सगळ्यांचा भाव धरला जातो.

परिणाम ऑगस्ट २०१९ मध्ये दिसला. कॅन्सस राज्यात होलकोम इथल्या टायसनच्या कत्तलखान्याला आग लागली. एक कारखाना बंद पडला. शेतकऱ्याच्या गुरांचा भाव घसरला आणि त्याच आठवड्यांत मांसाचा घाऊक भाव चढला. २०२० मध्ये कोरोनाने कामगार आजारी पडले, कत्तलखाने बंद झाले, तेव्हा हेच आणखी मोठ्या प्रमाणात घडले. दुकानात मांस महाग, रानात गुरे स्वस्त. मधला पैसा कोणाच्या खिशात गेला हे शोधायला अर्थशास्त्री लागत नाही.

२०१७ च्या शेती-गणनेत मांसासाठी गाई पाळणारी ७ लाख २९ हजार कुटुंबे आणि फर्मा होत्या. २०२२ च्या गणनेत ६ लाख २२ हजार उरल्या. पाच वर्षांत लाखाहून अधिक गोठे मोडले. त्यात २०२० नंतरच्या दुष्काळाने गाई विकाव्या लागल्या. १ जानेवारी २०२५ ला त्या देशातली एकूण गुरे ८ कोटी ६७ लाख होती, १९५१ नंतरची सर्वांत कमी. गुरे कमी झाली म्हणून २०२४-२५ मध्ये वासरांना विक्रमी भाव मिळाले. पण जे गोठा मोडून गेले ते तो भाव घ्यायला उरलेच नव्हते. आणि गुरे कमी पडताच नोव्हेंबर २०२५ मध्ये टायसनने नेब्रास्कातला लेक्सिंग्टनचा मोठा कत्तलखाना बंद करत असल्याचे जाहीर केले. म्हणजे गिऱ्हाईक आणखी घटले.

तिथल्या शेतकऱ्यांनी हात जोडून बसायचे नाकारले, हेही सांगितले पाहिजे. सँडहिल्सच्या दक्षिण कडेला नॉर्थ प्लॅट नावाचे गाव आहे. तिथे गुरे पाळणाऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन कत्तलखाना उभा केला आणि २०२५ मध्ये तो सुरू झाला. दिवसाला दीड हजार गुरांची त्याची क्षमता आहे. त्यात वॉलमार्ट या दुकानदार कंपनीचेही भांडवल आहे, म्हणून तो अगदी शेतकऱ्यांचाच आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण पाचवे गिऱ्हाईक उभे राहिले, एवढे खरे.

आपल्या गोठ्याचे काय?

आता घराकडे वळू. आमची गुरे मांसासाठी नाहीत, ओढकामासाठी आणि शेणखतासाठी आहेत. पण म्हाताऱ्या जनावराला शेवटी काही किंमत असणे हा आमच्याही हिशेबाचा भाग होता. थकलेली जोडी विकून आलेल्या पैशांत भर घालून नवी जोडी दावणीला यायची. दुष्काळात एक बैल विकून दुसरा आणि घर दोन्ही जगायचे. बैल ही कोरडवाहू शेतकऱ्याची बँक होती.

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद होती, पण निकामी बैलाची दाखला घेऊन होऊ शकत होती. विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि बैल, वळूही त्यात आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. त्या बँकेतली ठेव तेव्हापासून बुडीत खात्यात गेली.

एका निकामी बैलाचा हिशेब मांडा. तीनशे किलोच्या जनावराला दिवसाला सहा किलो कोरडी वैरण, वर्षाला सुमारे बावीस क्विंटल. कोरडवाहू ज्वारीचा एकरी कडबा टन-दीड टन धरला तर दोन एकरांचा कडबा एकटा तो खातो. पाच एकरवाल्याने हे कुठून आणायचे? २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ५५ लाख गाई-बैल होते. २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख राहिले. याला ट्रॅक्टर कारण आहे, चाऱ्याची टंचाई कारण आहे, ज्वारी जाऊन सोयाबीन आले हेही कारण आहे. पण जे जनावर विकता येत नाही ते शेतकरी पाळायचेच सोडतो, हे कारणही त्या यादीत लिहावे लागेल. गोवंश वाचवण्याच्या नावाने दावणी रिकाम्या होत असतील तर त्यात गोवंशाचे हित ते कोणते?

कोणाच्या श्रद्धेला हात लावण्याचा आमचा हेतू नाही. ज्याला आपला बैल मरेपर्यंत सांभाळायचा आहे त्याने जरूर सांभाळावा. आमच्यात असे अनेक आहेत आणि त्यांच्यापुढे आम्ही हात जोडतो. पण ही श्रद्धा सगळ्या समाजाची असेल तर तिचा खर्चही सगळ्या समाजाने भरावा. तो एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या कडब्यातून वसूल करणे ही लूट आहे, तिला नाव कोणतेही द्या.

नेब्रास्काच्या माळरानावरून आम्ही दोन गोष्टी घेतो. विकण्याचे स्वातंत्र्य नसेल तर गोठा टिकत नाही. आणि नुसते स्वातंत्र्य असून भागत नाही. घेणारी गिऱ्हाइके अनेक हवीत, बोली उघडी हवी, चुकारा दुसऱ्या दिवशी हवा. एकटे सरकार खरेदीदार असो की चार कंपन्या, विकणाऱ्याच्या मानेवरचे जू तेच.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे लिहून आणावेत. दहा वर्षांपूर्वी गावात बैलजोड्या किती होत्या, आज किती आहेत, आणि कामाला न येणारी, तरीही दावणीला बांधलेली जनावरे किती. सरकारपुढे मागणी मांडायची ती या आकड्यांवर मांडू. माय-बहिणींनी हा हिशेब स्वतः लिहावा, कारण वैरण कोणाच्या डोक्यावरून येते हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही.